दादाच्या ट्रंकेत ४३ रहस्यकथा निघाल्या, पण पक्क्या प्रतीचं अक्षर त्याचं नाही

महालची_धाकटी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसतं वाचते, लिहायची ही पहिलीच वेळ. लांब होईल, सांभाळून घ्या, हे कोणाशी तोंडी बोलायला गेले की गळा दाटतो म्हणून लिहून राहिले.

माझा मोठा भाऊ, दादा, सात महिन्यांपूर्वी गेला. ६२ वर्षांचा होता. लग्न केलं नाही. एका सरकारी ऑफिसात कारकून म्हणून लागला आणि हेडक्लार्क होऊन रिटायर झाला. महालातल्या आमच्या जुन्या घरात आई आणि तो, मी लग्नानंतर मनीषनगरला. शेवटची दोन वर्षं डायलिसिस होतं, आठवड्यातून दोनदा मीच न्यायची, चार चार तास शेजारच्या खुर्चीत बसून राहायची. म्हणजे मला वाटायचं की या माणसाचं आपल्याला सगळं माहीत आहे, चहात साखर किती इथपासून पेन्शनच्या पासबुकात किती इथपर्यंत.

गेल्या महिन्यात माळा साफ करायला काढला तर मागच्या बाजूला एक लोखंडी ट्रंक. किल्ली कुठेच नाही, कुलूप तोडावं लागलं. आत डांबराच्या गोळ्या आणि कागद. ऑफिसच्या जुन्या डायऱ्या, त्यात दादाच्या अक्षरात कच्च्या लिहिलेल्या रहस्यकथा. मग फुलस्केप कागदांवर त्याच कथांच्या पक्क्या प्रती, पण त्या दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात, आणि त्यावर लाल पेनाने दुरुस्त्या, त्या मात्र दादाच्या. मोजल्या तर ४३ कथा. रबर लावलेला मनीऑर्डरच्या कूपनांचा गठ्ठा, त्यावर "कथेचे मानधन" असं लिहिलेलं, पहिलं १९८९ चं, शेवटचं २००३ चं. सगळ्या कथांवर एक टोपणनाव आहे, ते इथे देत नाही. पक्क्या प्रतीच्या शेवटी पत्ता म्हणून नुसता एक पोस्ट बॉक्स नंबर, नागपूर ४४०००१.

घरात कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही समजायचो संध्याकाळी ओव्हरटाइम असतो.

आता माझे प्रश्न. एक, या कथा कोणत्या अंकांत आल्या ते शोधायचं कसं? दोन, आई ८४ ची आहे, तिला सांगू की नको? तीन, आणि हे महत्त्वाचं, वर्षश्राद्धाला पाच महिने आहेत, तोवर सगळ्या कथांचं पुस्तक छापावं असं मनात आहे, दादाच्या खऱ्या नावाने. या ४३ खेरीज शेवटची एक कथा अपुरी आहे, ४१ पानं, शेवटच्या ओळीत वाक्य अर्ध्यातच तुटतं. माझी मुलगी बऱ्यापैकी लिहिते, ती म्हणते मी पूर्ण करते. करू द्यावं का?

आणि एक छोटं, डायऱ्यांमध्ये प्रत्येक कथेचं शेवटचं पान टाचणीने बंद केलेलं आहे, टाचण्या गंजल्या आहेत, काढायला गेलं की कागद फाटतो. काय करू?

वाचनवेडा_सदर

ताई, आधी तर फार वाईट वाटलं वाचून. दोन वर्षं बाजूच्या खुर्चीत बसून काढलीत, ते काही कमी नाही.

लपवलं म्हणून मनाला लावून घेऊ नका असं माझं म्हणणं. टोपणनावाने लिहिणं आपल्याकडे जुनंच आहे, आणि आपल्या नागपूरकडे तर जास्तच. माणिक गोडघाटे म्हटलं तर किती लोक ओळखतील, पण ग्रेस म्हटलं की सगळे. राम गणेश गडकरी, आपल्या सावनेरला १९१९ मध्ये गेले ते, कविता गोविंदाग्रज या नावाने लिहायचे आणि विनोद बाळकराम या नावाने, म्हणजे एकाच माणसाची दोन वेगवेगळी घरं. कोणाला फसवायचं म्हणून थोडीच. काही गोष्टी घरच्यांच्या नजरेसमोर लिहिताच येत नाहीत बा. मी स्वतः चारोळ्या लिहितो आणि बायकोला अजून दाखवल्या नाहीत, तीस वर्षं झाली.

पुस्तक जरूर काढा. ऑफिसात कोणी जवळचं होतं का, त्यांना विचारलं?

महालची_धाकटी

धन्यवाद दादा. बरोबर आहे तुमचं, पण गोविंदाग्रज म्हणजे गोविंदाचा मोठा भाऊ, आणि कुसुमाग्रज म्हणजे कुसुमचा. त्यांनी धाकट्या भावंडाचं नाव स्वतःच्या नावात घेतलं. माझ्या भावाने मला नावात तर नाहीच घेतलं, कथेतही नाही घेतलं. ४३ च्या ४३ वाचल्या मी तीन आठवड्यांत. त्यातला डिटेक्टिव्ह एक टेलिफोन खात्यातला लाइनमन आहे, खांबावर चढून लोकांच्या खिडक्या दिसतात त्याला, फार छान सुचलंय ते. त्याला आई आहे, शेजारी आहेत, एक लंगडं मांजर आहे. बहीण नाही. त्याचंच जास्त लागलं मला, खरं सांगते.

आणि मला रहस्यकथांचं वेड होतं हो, त्यानेच लावलेलं. मी सातवी-आठवीत असताना बडकस चौकाजवळ रोजच्या भाड्याने पुस्तकं देणारं दुकान होतं, तिथून तो माझ्यासाठी आणायचा. एवढं असून लिहिलेलं दाखवलं नाही.

ऑफिसमध्ये विचारलं, कोणालाच काही माहीत नाही. तेरवीला त्यांचे आठ-दहा जण आले होते. एक बाई होत्या पन्नाशीच्या, त्याही तिथल्याच असाव्यात, मागे बसून होत्या, जेवल्या नाहीत, निघताना मला हळूच म्हणाल्या की सरांचा एखादा पेन वगैरे असला तर मिळेल का. पंगत उठत होती, माझ्या हातात भाताचं पातेलं, मी म्हटलं नंतर बघू. पुन्हा आल्या नाहीत. बाकी कोणी काही बोललं नाही.

ग्रंथपाल_काकू

मी ३१ वर्षं लायब्ररीत काढली, म्हणून आधी टाचण्यांचं सांगते. ओढू नका. पातळ प्लॅस्टिकची पट्टी घ्या, जुन्या फाइलच्या कव्हरची कापली तरी चालते, ती टाचणी आणि कागद यांच्या मधे दोन्ही बाजूंनी हळूच सरकवा, गंजामुळे चिकटलेलं सुटतं, मग टाचणी आल्या वाटेने मागे काढा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, काही वर्षांत पिवळा पडून अक्षर खातो. लॅमिनेशन तर अजिबात नको. आधी सगळ्याचे मोबाइलने फोटो काढा, उजेडात, दिवसा.

अंक शोधायचं म्हणाल तर कूपनं तुमच्याजवळ आहेत हे फार मोठं आहे. कूपनावर पाठवणाऱ्याचं नाव असतं आणि पोस्टाचा तारखेचा शिक्का असतो. मानधन अंक निघाल्यावर पाठवायची पद्धत असायची, तेव्हा शिक्क्याच्या आधीचे दोन-चार महिने धरा. नोव्हेंबर ते जानेवारीतले शिक्के जास्त असतील तर दिवाळी अंक, हे नक्की समजा. १९०९ साली मनोरंजनपासून सुरू झालेला प्रकार हा, रहस्यकथांना तर दिवाळीतच मान. सुरुवात इथूनच करा, सीताबर्डीला झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ ची संस्था, आणि शासकीय विभागीय ग्रंथालयही आहे. तिथे नाही मिळालं तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चं. १९५४ च्या कायद्याप्रमाणे पुस्तकांची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, मुंबईत, चेन्नईत आणि दिल्लीत पाठवावी लागते, १९५६ पासून नियतकालिकांनाही ते लागू झालं. सगळेच पाठवतात असं नाही, पण विचारायला हरकत नाही. जाताना वर्षांची यादी करून न्या, नुसतं टोपणनाव सांगितलं तर कोणी दहा वर्षांचे गठ्ठे उपसणार नाही.

एक विचारू? टाचण्या डायऱ्यांनाच का? आणि शेवटच्याच पानाला का? लिहिणारा माणूस स्वतःचं शेवटचं पान कशाला बंद करेल? मला हे काही झेपलं नाही.

शांत_पाणी

माझं मत कोणाला आवडणार नाही, तरी लिहितो. माझी बहीण गेली तेव्हा तिचा मोबाइल मी उघडला होता. नको उघडायला पाहिजे होता. जे सापडलं त्यात वाईट काही नव्हतं, पण त्यानंतर मला माझी बहीण आठवायची म्हटलं की ते मेसेजच आठवतात, तिचा चेहरा मागे जातो. माणसाने जे कुलपात ठेवलं ते कुलपात राहू द्यावं. तुमच्या दादांना सांगायचं असतं तर डायलिसिसच्या त्या चार तासांत सांगितलं असतं ना. कथा वाचल्या, आनंद झाला, ठेवून द्या परत. दुसरं अक्षर कोणाचं हे शोधून कोणाचं तरी घर हलवाल.

महालची_धाकटी

शांत_पाणी, तुमचं दोनदा वाचलं. असंच असेल कदाचित. पण ट्रंक तर मी उघडून बसले.

रिटायर्ड_पोस्टबाबू

मॅडम, पोस्ट बॉक्सचं मी सांगतो, नोकरीच पोस्टात गेली माझी.

पोस्ट बॉक्स म्हणजे पोस्टातला भाड्याचा कप्पा, त्याचं वर्षाचं भाडं असते, ते भरलं की चालू राहते. ज्याच्या नावाने घेतला त्याने किल्लीने उघडून टपाल न्यायचं, घरी पोस्टमन येत नाही, म्हणून ज्याला घरी पत्र नको त्याच्यासाठी हे लई सोयीचं. ४४०००१ म्हणजे आपलं सिव्हिल लाइन्सचं जीपीओ. आता लक्षात घ्या, मनीऑर्डर कप्प्यात टाकत नाहीत, तिचे पैसे माणसाच्या हाती सही घेऊनच देतात, आणि त्या खऱ्या नावाने येतात. तुमची कूपनं ऑफिसच्या पत्त्यावरची असतील पाहा, भाऊंच्या खऱ्या नावाची. म्हणजे पैसे ऑफिसात, पत्रं कप्प्यात, अशी व्यवस्था.

ट्रंकेत किंवा त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात बारकी किल्ली सापडली का? नसेल तर कप्पा त्यांच्या नावाचा नसावा. दुसऱ्या कोणाच्या नावाचा असेल. खिडकीवर जाऊन नाव विचारलं तर कोणी सांगणार नाही आणि सांगूही नये. पण कप्पा चालू असला तर त्या नंबरवर टाकलेलं पत्र त्या माणसापर्यंत जाते, एवढं पक्कं. साधं पाकीट टाका. बंद असला तर परत येईल, पाकिटामागे आपला पत्ता लिहायला विसरू नका.

बाई_मराठीच्या

मी आठवी ते दहावीला मराठी शिकवलं, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, वह्या तपासायची खोड गेली नाही. पक्क्या प्रतीच्या दोन-तीन पानांचे फोटो टाकता का? एक जुन्यातलं, एक मधलं, एक अलीकडचं. नावं झाकून टाका.

महालची_धाकटी

टाकले आहेत बाई. पहिलं १९८९ चं असावं, दुसरं साधारण १९९६, तिसरं त्या अपुऱ्या कथेचं.

पोस्टबाबू, कूपनं ऑफिसच्याच पत्त्यावरची आहेत, खऱ्या नावाची. बारकी किल्ली कुठेच नाही.

बाई_मराठीच्या

ताई, हे लिहिणारं माणूस मराठी शाळेत शिकलेलं नाही. हिंदी माध्यमातलं आहे.

पहिला फोटो पाहा. ल आणि श दोन्ही हिंदी वळणाचे काढलेत, आपला ल दोन पाकळ्यांचा असतो, तसा नाही. शासनाने तर ६ नोव्हेंबर २००९ ला आदेश काढून मराठीचे ल आणि श कसे काढायचे ते ठरवून दिलं, तोवर छापखानेही वाटेल तसे छापायचे, म्हणून नुसत्या वळणावर मी बोलले नसते. पण पुढे बघा. "त्याला वेल नव्हता." वेळच्या जागी वेल. "डोले मिटले." "शालेच्या मागे." ळ येतच नाही, कारण हिंदीत तो लिहायचीच सवय नाही. मग "पुस्तक खाली पडली" आणि "त्याची आत्मा". हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, आत्माही स्त्रीलिंगी, आपल्याकडे ते पुस्तक आणि तो आत्मा. "दुसऱ्या" मधला अर्धा र पण चुकलाय, रफार दिलाय वर. नागपुरात आपण सगळेच हिंदी मिसळून बोलतो, १९५६ पर्यंत आपलं शहर मध्य प्रदेशची राजधानी होतं, तो वारसा आहे, पण लिहिताना मराठी शाळेतलं पोर ळ विसरत नाही.

आणि दादांच्या लाल दुरुस्त्या बघा हो. नुसतं खोडून दुरुस्त केलेलं नाही, समासात "वेळ = समय, वेल = झाडावर चढते ती" असं लिहिलंय. पक्की प्रत करून घ्यायची असती तर कोणी असं लिहितं का? हे शिकवणं आहे. मी आयुष्यभर हेच केलं, मला दुरून कळतं.

१९९६ च्या पानावर ळ सगळे बरोबर, लिंगाच्या दोन चुका. तिसऱ्या पानावर एकही चूक नाही. लाल आहे, पण तो फक्त एका वाक्याखाली रेघ आणि बाजूला "सुरेख". अक्षर थरथरलेलं.

एक काम करा. कोणत्या कथेचं कच्चं डायरीत आहे आणि कोणत्याचं नाही, याचे दोन गठ्ठे करा. आणि त्या ४१ व्या पानाचा फोटो टाका.

महालची_धाकटी

बाई, काल रात्रभर तेच करत बसले. नवरा म्हणाला झोप आता, पण झोप कसली.

४३ पक्क्या प्रती. त्यातल्या ३१ चं कच्चं डायरीत आहे, दादाच्या अक्षरात. १२ चं नाही. आणि त्या १२ सगळ्या नंतरच्या आहेत, २००३ च्या नंतरच्या. कूपनं पण २००३ लाच थांबतात. म्हणजे त्यानंतरच्या कथांचे पैसे दादाला आलेच नाहीत. मी पासबुकं पण पाहिली, काही नाही.

४१ व्या पानाचा फोटो टाकला आहे. आता नीट पाहिलं तर पान अगदी तळापर्यंत भरलेलं आहे, शेवटची ओळ समासाला टेकते आणि वाक्य तिथेच तुटतं.

वाचनवेडा_सदर

अरे देवा. म्हणजे कथा अपुरी नाही. पान संपलंय फक्त.

बाई_मराठीच्या

हो. अर्ध्यात सोडणारा माणूस पानाच्या मधे सोडतो. हा तपासायला दिलेला पहिला भाग आहे, पुढचे कागद लिहिणाऱ्याकडे असतील.

आणि ताई, तुम्हीच वर लिहिलंय, तुमच्या लक्षात आलं नसेल. तेरवीला आलेल्या बाई "सरांचा पेन" म्हणाल्या. तुमचे दादा हेडक्लार्क होते. ऑफिसातले लोक त्यांना काय म्हणायचे?

महालची_धाकटी

भाऊसाहेब. सगळे भाऊसाहेबच म्हणायचे. सर कोणीच नाही.

बाई, त्यांनी पेन मागितला आणि मी भाताचं पातेलं घेऊन निघून गेले.

धरमपेठचा_वकील

मी मध्ये बोलतो कारण पुस्तक छापायची गोष्ट निघाली आहे आणि हे आधी कळलेलं बरं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ज्याने लिहिलं तो पहिला मालक. तपासायला दिले, दुसऱ्याच्या ट्रंकेत सापडले, टोपणनाव एकच वापरलं, यातल्या कशानेही हक्क बदलत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सही केलेलं लागतं. तेव्हा त्या १२ कथा आणि ती ४१ पानं जर त्या बाईंनी लिहिली असतील तर तुमच्या दादांच्या नावाने छापणं चूक, आणि मुलीने शेवट लिहिणं तर त्याहून चूक. बाई जिवंत आहेत, त्यांचा शेवट त्यांच्याजवळ आहे.

राहिल्या ३१. त्या दादांच्या. टोपणनावामागचं खरं नाव जाहीर केलं की त्यांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून, ६० वर्षं राहतो. पण तो तुमच्याकडे येत नाही ताई. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात अविवाहित मुलाची आई पहिल्या वर्गातली वारस, भाऊ-बहीण दुसऱ्या वर्गात. आई आहेत तोवर सगळं आईंचं. म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कायद्यानेच दिलंय, आईंना सांगावं लागेल, त्यांच्या संमतीशिवाय एक ओळ छापू नका.

शांत_पाणी

मी आधी नको म्हणालो होतो. आता वाटतं, एक पत्र टाका. कोणाचं घर हलू नये म्हणून पत्रात नातं वगैरे काही विचारू नका. फक्त कागद तुमचे आमच्याकडे आहेत, एवढंच.

रिटायर्ड_पोस्टबाबू

बरोबर बोलले. आणि पाकिटावर त्या बाईंचं नाव माहीत नाही तर टोपणनावच टाका, खाली बॉक्स नंबर. नंबर पाहूनच कप्प्यात जाते.

महालची_धाकटी

एक महिन्याने लिहिते आहे, तुम्ही सगळे विचारत होते म्हणून. सवडीने सांगते.

आधी आईचं. एका दुपारी तिच्या पायाला तेल लावता लावता सांगितलं सगळं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "तो शिकवणीला जायचा ना संध्याकाळी, तुला नव्हतं माहीत? मला वाटलं तुला माहीत असेल." शिकवणी. आम्ही सगळे ओव्हरटाइम समजायचो आणि तिला त्याने पहिल्यापासून खरं सांगितलेलं होतं, फक्त कोणाला आणि काय शिकवतो ते तिने विचारलं नाही. कथांचं तिला नवीन होतं. एक वाचून दाखव म्हणाली. मी लाइनमनची पहिली कथा वाचली, तिला ऐकू कमी येतं म्हणून मोठ्याने, शेजारच्या काकू पण येऊन बसल्या. आता रोज एक चालू आहे दुपारी.

ग्रंथपाल काकू, तुमचा टाचण्यांचा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. कच्च्या डायऱ्यांनाच का, शेवटच्याच पानाला का. तुम्ही सांगितलं तसं प्लॅस्टिकची पट्टी कापून एकेक काढत होते, सात-आठ काढून झाल्या आणि हात तिथेच थांबला. ते भाड्याचं दुकान मी वर लिहिलंय ना. मला लहानपणी एक वाईट खोड होती, पुस्तक हातात आलं की शेवटचं पान आधी वाचायची. दादा चिडायचा. मग तो पुस्तक मला द्यायच्या आधी शेवटचं पान टाचणीने बंद करून द्यायचा, आणि परत करताना टाचणी काढून भोक अंगठ्याने दाबून बुजवायचा, दुकानदाराला कळू नये म्हणून. मी हे पूर्ण विसरले होते काकू. पंचेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट.

३१ डायऱ्या, ३१ टाचण्या. ज्या १२ त्याच्या नव्हत्या त्यांना नाही. उरलेल्या टाचण्या मी काढल्या नाहीत, गंजू देत. आणि मी तीन आठवड्यांत सगळ्या वाचून काढल्या म्हणाले ना, त्या पक्क्या प्रतींवरून वाचल्या होत्या, डायऱ्यांतून नाही.

मग पत्र. चार वेळा लिहिलं, चार वेळा फाडलं. शेवटी शांत_पाणींनी सांगितलं तेवढंच ठेवलं, तुमची ४१ पानं आणि १२ कथा आमच्याकडे जपून आहेत, पेनही आहे, तेरवीला मी घाईत होते, माफ करा. जीपीओला स्वतः गेले, चौकात उतरून चालत. खिडकीवर काही विचारलं नाही, पेटीत टाकलं आणि आले. परत येईल म्हणून रोज वाट पाहायची, पाकीट परत यायची भीती आणि उत्तर यायचीही भीती.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. पाकिटावरचं अक्षर पाहिलं आणि दारातच बसले. ल दोन पाकळ्यांचा काढलेला, बाई.

पत्र त्यांचं आहे म्हणून सगळं इथे टाकत नाही, त्यांना विचारून थोडं सांगते. त्या १९८८ मध्ये दादाच्या ऑफिसच्या इमारतीतच एका झेरॉक्सच्या दुकानात कामाला होत्या, अक्षर चांगलं म्हणून दादाने पक्क्या प्रती करायला दिल्या, पानाला आठ आणे. पहिल्या प्रतीत इतक्या चुका निघाल्या की त्या रडल्या आणि पैसे नको म्हणाल्या. तेव्हापासून सोमवार आणि गुरुवार संध्याकाळ. कप्पा त्यांच्याच नावाने घेतलेला, कारण दादाला तिथे कोणी ओळखीचं भेटायची भीती वाटायची. २००३ मध्ये तो म्हणाला, आता मला सुचत नाही, तू लिही, नाव हेच ठेव, मी तपासतो. पुढची सगळी वर्षं तो नुसता तपासत राहिला. डायलिसिस सुरू झाल्यावर सोमवार-गुरुवार बंद झाले, कारण तेच दोन दिवस मी त्याला घेऊन जायची. एकेक गठ्ठा त्या महालात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आणून द्यायच्या आणि तो काठी टेकत तिथवर जायचा. मला तो म्हणायचा, जरा पाय मोकळे करून येतो.

त्या कथेची पुढची २३ पानं त्यांच्याकडे आहेत. शेवट सरांनी वाचला नाही, असं लिहिलंय. आणि एक ओळ मात्र मी टाकते, त्यांनी हो म्हटलंय: "सर म्हणायचे, माझी बहीण वाचेल तेव्हा तिला शेवट आधी कळायला नको, म्हणून नीट लपव."

वकीलसाहेब, पुस्तक आता ३१ चंच, आईच्या संमतीने, आणि त्यांच्या १२ चं काय ते त्या ठरवतील. मुलगी थोडी नाराज आहे, होईल बरी. ग्रंथपाल काकू, विदर्भ साहित्य संघात जाऊन आले, वर्षांची यादी घेऊन, दोन अंक मिळाले, एकात चित्रही आहे, लाइनमन खांबावर आणि खाली मांजर. बाकीचे शोधते आहे.

रविवारी चार वाजता येणार आहेत, २३ पानं घेऊन. आई सकाळपासून विचारते, पोहे करायचे तर तर्री चालेल का त्यांना, मी म्हटलं नागपूरच्याच आहेत, चालेल. पेनाची रिफिल वाळली होती, बडकस चौकातून नवीन लाल आणून टाकली आहे.